ओटीची खोली उघडा : जिल्हा रुग्णालय आणि जिल्हा परिषदेला खुलं पत्र

प्रति,
मा. जिल्हा शल्यचिकित्सक, जिल्हा रुग्णालय
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद

विषय : रुग्णालयातला बंद केलेला व्यवसायोपचार (ऑक्युपेशनल थेरपी, थोडक्यात ओटी) विभाग पुन्हा सुरू करण्याबाबत

महोदय,

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. नोकरीला सव्वीस वर्षं झाली. विनंती अर्ज कसा लिहायचा ते मला येतं, आणि तसा तो मी मे महिन्यात रीतसर दिलाही. आवक क्रमांक माझ्याकडे आहे. दीड महिन्यानं तीन ओळींचं उत्तर आलं. सदर पद मंजूर आकृतिबंधात (मंजूर पदांच्या यादीत) नाही, कंत्राटी नेमणुकीची मुदत ३१ मार्चला संपली आहे, रुग्णालयात भौतिकोपचार (फिजिओथेरपी) सेवा उपलब्ध असल्याने रुग्णांची गैरसोय होत नाही.

शेवटची ओळ मी तीनदा वाचली. गैरसोय होत नाही, हे कुणाला विचारून लिहिलं? निदान मला तरी कुणी विचारलं नाही. म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. सेवाशर्ती मला ठाऊक आहेत. इथे मी शिक्षिका म्हणून तक्रार करत नाही, आपल्या रुग्णालयाची रुग्ण म्हणून करते आहे.

दोन वर्षांपूर्वीच्या जुलैत, तिसरीच्या वर्गात, फळ्याच्या कोपऱ्यात रोजच्यासारखं पट आणि हजर लिहीत होते. पट २३ लिहिला. हजर लिहिताना खडू गळून पडला. उचलायला वाकले तर हात ऐकेना. एक पोरगी म्हणाली, "बाई, तुमचं तोंड वाकडं झालंय," आणि सगळा वर्ग हसला. मी कुणाची तरी नक्कल करतेय असं त्यांना वाटलं. उजवी बाजू गेली होती. रक्तदाबाच्या गोळ्या मी सहा महिन्यांपूर्वी आपल्या मनानंच बंद केल्या होत्या, बरं वाटतंय म्हणून. तो दोष माझा, तो कुणाच्या माथी मारत नाही.

जीव वाचवण्याबद्दल तक्रार नाहीच. डॉक्टरांनी, सिस्टरांनी जे केलं त्याला तोड नाही. अकराव्या दिवशी सुट्टी मिळाली. कार्डावर गोळ्या, पथ्य, "फिजिओथेरपी चालू ठेवणे" आणि पुढची तारीख. रुग्णालयाच्या हिशेबात मी बरी होऊन घरी गेले.

घरी काय झालं ते सांगते. उंबरठा ओलांडता येईना. मोरीत दोघांनी धरून नेलं. संडास भारतीय बैठकीचा, तिथे बसले की उठायचं कुणाच्या गळ्यात पडून. आमचे हे मला पलंगावरून उठवायला उजवा हात धरून ओढायचे, कारण तो लुळा हात त्यांना सगळ्यांत आधी हाताशी यायचा. तीन आठवड्यांत खांद्याचा सांधा खाली उतरला, दोन बोटं मावतील एवढी खाच पडली. लकवा झालेला हात धरून माणसाला कधी ओढू नये, हे एक वाक्य आम्हाला कुणी सांगितलं असतं तर पुढचे चार महिने मी रात्री कण्हत काढले नसते.

फिजिओथेरपीच्या ताईंनी मला उभं केलं, जिना चढवला. त्यांच्याशी माझं भांडण मुळीच नाही. उलट त्यांनीच एक दिवस शेजारच्या खोलीकडे बोट दाखवलं. "चालायला लागलात बाई, आता कामाला लागा. ओटीत जा," म्हणाल्या.

या नावानं काय काय घोटाळे होतात ते एकदा लिहून ठेवते. ओटी कुठे, असं विचारल्यावर वॉर्डबॉयनं मला ऑपरेशन थिएटरच्या दारात नेऊन बसवलं. सासूबाईंनी ओटी म्हटल्यावर खणनारळ काढला. पंचायत समितीतल्या एका बाबूंना मी "व्यवसायोपचार" म्हणाले, तर त्यांनी मला उद्योग केंद्राचा पत्ता दिला. "व्यवसायासाठी कर्ज तिथेच मिळतं," म्हणाले. नाव असं पडलंय की ज्याला गरज आहे त्याला कळत नाही आणि ज्याच्या हातात सही आहे त्यालाही कळत नाही. पद गेलं त्यात या नावाचाही थोडा हात असावा.

तर ही ओटी म्हणजे काय? रोजची कामं पुन्हा आपली आपल्याला करता यावीत, यासाठीचा उपचार. पहिल्या दिवशी ओटीच्या ताईंनी माझा हात बघितलाच नाही. विचारलं, "सकाळी उठल्यापासून रात्री पाठ टेकेपर्यंत काय काय करायचात?" मी सांगत गेले, त्या लिहीत गेल्या. बंब पेटवणं, वेणी, सडा, पोरांच्या वह्या. एकेचाळीस कामं निघाली. मग म्हणाल्या, "यातलं कुठलं दुसऱ्यानं केलं तरी चालेल? आणि कुठलं दुसऱ्यानं केलं की रडू येतं?" झाडू कुणीही मारावा. रडू यायचं ते चारच ठिकाणी. अंघोळ, लुगडं, भाकरी आणि फळा.

त्या चार गोष्टींवर आम्ही सात महिने घालवले. भाकरीचं तेवढं सविस्तर सांगते, म्हणजे या खोलीत काय चालायचं ते कळेल. एका हातानं पीठ मळायला गेलं की परात गरगर फिरते. ताईंनी पराती खाली ओला पंचा घालायला लावला. परात जाग्यावर राहिली. लुळा हात मांडीवर ठेवायचा नाही, तोही परातीच्या काठावर ठेवायचा, त्याच्या वजनानं परात दाबली जाते आणि हातालाही आपण कामावर असल्याची आठवण राहते. वापरला नाही तर मेंदू त्या हाताला विसरतो, हे त्यांनीच सांगितलं. मळणं जमलं, थापणंही जमलं. अडलं ते उचलून तव्यावर टाकताना, कारण त्याला दोन्ही तळवे लागतात. तीन आठवडे भाकऱ्या फाटल्या. शेवटी ताईंनी विचारलं, "थालीपीठ कसं टाकता?" फडक्यावर थापून, तव्यावर उलटून. मग भाकरीला काय झालं? दुसऱ्या दिवशी घरी फडक्यावर थापली, उलटली. जिल्ह्याच्या नकाशासारखी झाली, पण फुगली. सासूबाईंनी ती कुणाला खाऊ दिली नाही, स्वतःच दुधात कुस्करून खाल्ली.

कांदा चिरायला आमच्या सुताराकडून एक पाट करून घेतला. त्यात दोन स्टीलचे खिळे खालून वर ठोकलेले. कांदा खिळ्यांवर खोचायचा, मग धरायला दुसरा हात लागत नाही. ब्लाऊजचे हुक जाऊन वेल्क्रो आला. बाही आधी अधू हातात घालायची आणि काढताना तीच शेवटी काढायची, एवढ्या एका नियमानं माझी सकाळची वीस मिनिटं वाचली. निऱ्या शिवून घेतल्या. मोरीत प्लॅस्टिकची खुर्ची, भिंतीला नळाच्या पाइपाचा कठडा. सगळा खर्च धरून दोन हजारांच्या आत. हे इतकं साधं आहे की वाचणाऱ्याला वाटेल, यात तज्ज्ञ कशाला हवा? मलाही तसंच वाटलं होतं. पण त्याआधीचे तीन महिने आम्ही पाच शहाणी माणसं त्याच घरात होतो आणि आम्हाला एकालाही पंचा सुचला नव्हता.

फळ्याचं सगळ्यांत अवघड गेलं. डाव्या हातानं देवनागरी लिहायची तर अक्षर सुटं काढायचं आणि शिरोरेघ मागाहून द्यायची. पेनाला एसीच्या पाइपावर असतो तो काळा फोम चढवला. शाळेत फळा वीतभर खाली घेतला. मला सहकाऱ्यांनी, प्रेमानंच, वैद्यकीय कारणावरून निवृत्ती घ्यायला सुचवलं होतं. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २० मध्ये लिहिलंय की सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला कामावरून काढता येत नाही की त्याचा दर्जा खाली आणता येत नाही. ते कलम मला ओटीच्या खोलीत कळलं. कायद्यानं माझी खुर्ची राखली, पण खुर्चीवर बसून काम करता येईल असं मला त्या खोलीनं केलं. पुढच्या जूनला मी वर्गावर हजर झाले. जिल्हा परिषदेनं हेही हिशेबात धरावं की एक शिक्षिका तिच्या कामावर परत मिळाली.

आता थोडं विषयांतर, पण ते केल्यावाचून राहवत नाही. नोकरीच्या सुरुवातीला आम्हा काही शिक्षकांना फलटणला कमला निंबकर बालभवन पाहायला नेलं होतं. तिथली वाचनाची पद्धत पाहून आलो, शाळेला नाव कुणाचं हे विचारायचं सुचलं नाही. ते पंचवीस वर्षांनी ओटीच्या ताईंनी सांगितलं. कमलाबाई जन्मानं अमेरिकन, लग्न करून निंबकरांच्या घरात आल्या. चाळिशी उलटल्यावर परत विद्यार्थिनी झाल्या, ही विद्या शिकल्या, आणि १९५० मध्ये मुंबईत केईएम रुग्णालयात व्यवसायोपचाराची शाळा काढली. भारतातली ही पहिलीच शाळा. १९५२ मध्ये व्यवसायोपचाराचा जागतिक महासंघ स्थापन झाला, त्या पहिल्या दहा सभासद देशांत भारत होता. म्हणजे ही विद्या या देशात आली ती आपल्याच राज्यात उतरली. आज केईएम, नायर, शीव इथे आणि नागपूरच्या शासकीय महाविद्यालयात ती शिकवली जाते. महाराष्ट्रानं व्यवसायोपचार आणि भौतिकोपचार परिषदेचा कायदाही केला, त्याच्या नावात २००२ हे साल आहे. त्या कायद्याच्या नावातच दोन वेगळे उपचार आहेत. मग माझ्या अर्जाच्या उत्तरात एकाच्या जागी दुसरा कसा चालला?

माझं काम झालंय. तरी भांडते आहे ती त्या खोलीबाहेरच्या बाकावर बसणाऱ्यांसाठी. तिथे दर सोमवारी आमचा एक कंपू जमायचा. कडबा कुट्टीत चार बोटं गेलेला एक विशीतला पोरगा यायचा. त्याच्या उरलेल्या हाताला ताई गरम पाण्यात मऊ केलेलं प्लॅस्टिक लावून आधारपट्टी घडवायच्या, सूज उतरली की परत घडवायच्या. सेरेब्रल पाल्सीचा, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हातापायांवर नीट ताबा नसलेला, एक सात वर्षांचा मुलगा शर्टाची बटणं लावायला शिकत होता. वरची तीन झाली होती. मार्चच्या शेवटच्या सोमवारी एक नवीन बाई आल्या, माझ्यासारखंच उजवं अंग. नवरा त्यांना हाताला धरून ओढत आणत होता. मी ओरडलेच त्यांच्यावर. पुढच्या सोमवारी खोलीला कुलूप होतं. आता तिथे जुनी केसपेपरं ठेवतात.

माझ्या तक्रारी अशा.

पहिली आणि मोठी. पद बंद करताना चालू रुग्णांचं काय, याचा विचार झाला नाही. आम्हाला कागद नाही, फोन नाही, दुसरीकडे पाठवल्याची चिठ्ठी नाही. लकव्यानंतरचे पहिले सहा महिने सगळ्यांत मोलाचे, हे तुमचेच डॉक्टर सांगतात. त्या नवीन बाईंचे ते महिने कुलपाकडे बघण्यात चाललेत. वाढत्या वयाच्या मुलाची आधारपट्टी काही महिन्यांत लहान होते. बटणवाल्या मुलाची आई परवा बाजारात भेटली, जुनी पट्टी रुततेय म्हणून तिनं ती काढून ठेवली आहे. शहरात खासगीत एका बैठकीचे पाचशे मागितले. वर जाण्यायेण्याचे, आणि तिची त्या दिवसाची मजुरी.

दुसरी : सुट्टी देताना घराबद्दल एक प्रश्न कुणी विचारत नाही. संडास कसला, मोरी कुठे, घरात कोण असतं, दार केवढं. आरोग्य योजनेतून उपचाराचे हजारो रुपये शासन भरतं आणि मग माणूस मोरीत घसरून पडतो.

तिसरी शिबिरांची. आमच्या शेजारच्या तात्यांना साहित्य वाटप शिबिरात चाकांची खुर्ची मिळाली. फोटो निघाला, पेपरात आला. खुर्ची सव्वीस इंच रुंद, तात्यांच्या दाराची मोकळी जागा चोवीस इंच. खुर्ची गोठ्यात आहे, तिच्यावर पेंडीचं पोतं असतं. तात्या पलंगावर आहेत. शिबिराआधी कुणी एक फीतपट्टी घेऊन गेलं असतं तर! साध्या काठीलाही माप असतं, मूठ मनगटाच्या रेषेला यावी लागते. वाटपाच्या काठ्या सगळ्यांना एकाच उंचीच्या.

चौथी जिल्हा परिषदेसाठी. दिव्यांगांसाठी राखून ठेवायचा ५ टक्के निधी आमच्या गावात दिवाळीच्या तोंडावर सारख्या रकमेत वाटला जातो. मलाही मिळाला, मी घेतला, खोटं कशाला बोलू. पण त्याच पैशात तात्यांच्या दाराची चौकट रुंद झाली असती. कठडा, उतार, कमोडची खुर्ची यावर हा पैसा लागावा, असं सांगणारा माणूसच ग्रामपंचायतीकडे नाही, कारण तो माणूस म्हणजे ओटी आणि त्याची खोली बंद.

आणि अंतर. माझं गाव जिल्ह्यापासून बासष्ट किलोमीटर, दोन एसट्या बदलून. अर्ध्या तिकिटाची सवलत आहे, ती मानते. पण लकवा झालेल्या माणसाला एसटीची पहिली पायरी चढवायला सवलतीचा उपयोग नसतो.

२०१६ च्या याच कायद्याच्या कलम ५ मध्ये दिव्यांग व्यक्तीला समाजात राहण्याचा हक्क दिलाय, आणि त्यासाठी घरी व वस्तीत मिळणाऱ्या सेवांचा उल्लेख आहे. कलम २७ मध्ये शासनानं आणि स्थानिक प्राधिकरणांनी पुनर्वसन सेवा द्याव्यात असं म्हटलंय. "आर्थिक क्षमतेनुसार" हे शब्द त्यात आहेत, मी वाचलेत. पण खोली तुमची, टेबल आहे, साहित्य आहे, कमी आहे एक माणूस. महाराष्ट्रानं २०२२ मध्ये दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग काढला तेव्हा आम्ही शाळेत पेढे वाटले होते. त्या विभागाच्या राज्यात एका जिल्ह्याला एक ओटी परवडत नाही, हे मला पटत नाही.

मागण्या साध्या आहेत.

व्यवसायोपचार तज्ज्ञाचं पद दिवाळीच्या आत भरा. आधी कंत्राटी भरलं तरी चालेल, पण आकृतिबंधात नियमित पद घालण्याचा प्रस्ताव वर पाठवा आणि त्याचा जावक क्रमांक आम्हाला कळवा.

केसपेपरं दुसरीकडे हलवा आणि खोली परत द्या. दारावर मोठ्या अक्षरात मराठीत पाटी लावा : "अंघोळ, कपडे, जेवण, स्वयंपाक, लिहिणं, कामधंदा करताना अडचण येते? इथे या." "ओटी" असं लिहू नका.

मार्चअखेर ज्यांचे उपचार चालू होते त्यांची यादी त्या खोलीतल्या रजिस्टरमध्ये आहे. त्यांना एकेक फोन करा. सुरुवात लहान मुलांपासून करा.

महिन्यातून एक ठरलेला दिवस तज्ज्ञ प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात येऊ द्या. बाजाराचा दिवस धरलात तर लोक आपोआप येतील. जमेल तिथे घर पाहून या.

लकवा, मणक्याची इजा, हातपाय कापला गेलेला रुग्ण घरी सोडताना कार्डाच्या मागे घराबद्दलचे पाच प्रश्न छापा. नातेवाइकांना उचलायचं कसं, वळवायचं कसं, हे करून दाखवल्याशिवाय सुट्टी देऊ नका. याला पदही लागत नाही, उद्यापासून करता येईल.

जिल्हा परिषदेनं ५ टक्के निधीतून घरातल्या बदलांसाठी वेगळी रक्कम ठेवावी आणि ती तज्ज्ञाच्या शिफारशीवर द्यावी. साहित्य वाटपाच्या आधी मापं घ्यावीत. दाराचंसुद्धा.

हे पत्र डाव्या हाताच्या अंगठ्यानं मोबाइलवर लिहिलंय, नऊ दिवस लागले. काही ऱ्हस्वदीर्घ चुकलं असेल तर माझ्या जुन्या विद्यार्थ्यांनी हसू नये.

एक राहिलं. माझ्या कांद्याच्या पाटाचा नमुना हवा म्हणून ताईंनी फेब्रुवारीत तो मागून घेतला होता. तो आतच राहिलाय, खिडकीजवळच्या कपाटात, खालच्या फळीवर. दोन खिळ्यांचा, मागे निळ्या शाईत माझ्या शाळेचं नाव आहे. मी दुसरा करून घेतलाय. केसपेपरं हलवताना तो रद्दीत जाऊ देऊ नका. नवीन ताई रुजू झाल्या की त्यांच्या टेबलावर ठेवा, त्या मार्चमधल्या बाईंना दाखवायला लागेल.

आपली विश्वासू,
एक प्राथमिक शिक्षिका, इयत्ता तिसरी, पट २१